जुळलेला हिशेब

पिशवी त्यांनी उघडलीच नाही. मी ती मोठ्या आशेने टेबलावर ठेवली होती. आत सात महिन्यांच्या पावत्या होत्या, बँकेच्या उताऱ्याची पानं होती, कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने आकडे खरडलेली पाकिटं होती आणि एक वही होती. वहीच्या पहिल्या चार पानांवर पट्टीने आखलेले रकाने होते, पुढे नुसतेच आकडे. अकाउंटंटबाईंनी पिशवीवर हात ठेवला, आत किती कागद असतील याचा अंदाज घेतल्यासारखी ती जराशी दाबून पाहिली आणि शांतपणे माझ्याकडे परत सरकवली. "आत्ता तुम्हाला माझी गरज नाही," त्या म्हणाल्या. "आधी यादी करा. तुमच्याकडे काय काय आहे आणि तुम्ही कोणाचं काय देणं लागता, एवढंच. मग तीन महिने रोजचं रोज लिहा आणि या. तेव्हा बघू, माझी गरज आहे का आणि असली तर कशासाठी."

फी त्यांनी घेतली नाही. जिना उतरताना माझी कानशिलं तापली होती. दुखणं सांगायला जावं आणि नाडीही न बघता कोणी घरी पाठवावं, तसं वाटत होतं. समोरून आलेलं काम त्यांनी नाकारलं होतं; त्यात माझा धंदा त्यांना किरकोळ वाटला की त्यांनी माझं भलं पाहिलं, हे काही केल्या ठरेना. पुढचे कितीतरी दिवस मी तो प्रसंग मनात उलटसुलट करून पाहत होते.

मी वह्या बांधते. कागदाचे ताव दुमडून फर्मे करायचे, त्यांच्या घडीवर टोच्याने भोकं पाडायची, मेण लावलेल्या दोऱ्याने ते एकमेकांना शिवायचे, कण्याला खळ लावून रात्रभर दाबाखाली ठेवायचं आणि सकाळी पुठ्ठा चढवायचा. कागदातले तंतू कोणत्या दिशेने गेलेत, हे मला बोटांनी कळतं. त्या दिशेला आडवी घडी घातली तर वही पुढे कधीच नीट उघडी राहत नाही. पण सात महिने काम करून मला पैसे सुटत होते की जात होते, हे मात्र मला कुठल्याच बोटाने कळत नव्हतं. खात्यात पैसे दिसले की बरं वाटायचं, ते कमी झाले की छातीत धडधडायचं. हिशेबाची माझी समज एवढीच होती.

आणि सल्ले तर भरपूर होते. ज्यांचा स्वतःचा धंदा होता त्यांतले निम्मे म्हणत, पहिल्या दिवसापासून अकाउंटंट धर, नाहीतर पुढे निस्तरता येणार नाही. उरलेले म्हणत, एवढ्याशा पसाऱ्याला अकाउंटंट कशाला, एखादं सॉफ्टवेअर घे, ते सगळं करतं. दोन्हीकडचे लोक इतक्या खात्रीने बोलत की ज्याच्याशी शेवटचं बोलणं व्हायचं त्याचंच मला पटायचं. खरं सांगायचं तर मला हिशेब करून देणारं कोणी नकोच होतं. मला हवी होती ती भीती घेऊन जाणारी व्यक्ती. ती पिशवी दुसऱ्याच्या कपाटात गेली की रात्री दोन वाजता येणारी जागही तिकडेच जाईल, असं मला वाटत होतं.

ती भीती कुठून आली, तेही मला ठाऊक आहे.

ज्यांच्याकडे मी बांधणी शिकले, त्या मालकांचा सगळा हिशेब डोक्यात असायचा. कोणाकडून किती येणं आहे, कागदवाल्याचं किती देणं आहे, कोणाला उधारी द्यायची आणि कोणाला नाही, सगळं तोंडपाठ. विचारलं की ते डोळे मिटायचे, उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवायचे आणि आकडा सांगायचे. तो कधी चुकल्याचं मला आठवत नाही. आम्हा शिकाऊ पोरांना त्याचं केवढं अप्रूप होतं. मग ते आजारी पडले आणि त्यांची वाचा गेली. त्यांची मुलगी आणि मी, दोघी मिळून टेबलाचे खण उपसायला बसलो. चिठ्ठ्या निघाल्या, व्हिजिटिंग कार्डं निघाली, कोणाच्या तरी पावतीचा अर्धा तुकडा निघाला. हिशेब मात्र कुठेच नव्हता. काही गिऱ्हाइकं आपणहून आली, आमच्याकडे इतके राहिलेत म्हणाली आणि देऊन गेली. जी आली नाहीत त्यांची नावंसुद्धा आम्हाला माहीत नव्हती. ज्यांचे पैसे द्यायचे होते ते मात्र एकजात सगळे आले. त्यांच्यातला खरा कोण आणि जास्त सांगतोय कोण, हे ठरवायला त्या मुलीकडे काही म्हणजे काही साधन नव्हतं. ती प्रत्येकाकडे बघून मान हलवत होती. तिचा तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही.

म्हणून अपमान गिळून मी यादी करायला बसले. एक सबंध दिवस लागला. कागदाचे ताव मोजले, दोऱ्याची रिळं मोजली, अर्धवट उरलेल्या रिळाचं काय करायचं यावर उगाच बराच वेळ घालवला. पुठ्ठे, कापडाचे तुकडे, दोन दाबयंत्रं, टोचे, तयार वह्या, शिवून झालेल्या पण पुठ्ठा न चढवलेल्या वह्या. मग लोकांकडून यायचे पैसे. मग माझ्याकडून जायचे पैसे, त्यात बहिणीकडून घेतलेले, ज्यांचा विषय दोघींनीही पुन्हा काढला नव्हता. हा शेवटचा आकडा लिहिताना पेन जड झालं होतं.

पुढे वाचनात आलं, की १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या गणिताच्या एका जाडजूड ग्रंथात लुका पाचोली या फ्रान्सिस्कन संन्याशाने व्यापाऱ्याला पहिलं काम हेच सांगितलं आहे. आपल्याजवळ जे जे आहे आणि जे जे देणं आहे त्याची यादी करायची, आणि तीही एकाच दिवसात. प्रत्येक व्यवहार दोन जागी, एकीकडे जमा आणि दुसरीकडे नावे, असा लिहायचा ही दुहेरी नोंदीची पद्धत पाचोलीने शोधली नाही. इटलीतले व्यापारी त्याच्या आधी जवळजवळ दोनशे वर्षं ती वापरत होते. त्याने ती नीट लिहून छापली. त्याच्या पद्धतीत तीन वह्या आहेत. पहिली साधी स्मरणवही, तिच्यात जे घडेल ते घडेल तसं टिपायचं. मालक नसेल तर नोकराने टिपावं, लिहिता येत असेल तर घरातल्या बाईने टिपावं. त्यावरून रोजकीर्द, म्हणजे तारखेवार नोंदींची वही, आणि रोजकीर्दीवरून खतावणी, म्हणजे एकेका खात्याला वेगळं पान देणारी वही. वाचताना मला जाणवलं ते हे, की स्मरणवहीसाठी त्याने लिहिता येण्यापलीकडे कसलंच शिक्षण मागितलेलं नाही. ज्याच्या समोर व्यवहार घडला त्याने तो लिहायचा, इतकंच. कारण तो क्षण गेला की जगातला कितीही हुशार हिशेबनीस आणला, तरी ती रक्कम कशाची होती हे त्याला कळणार नाही.

माझी पिशवी परत का आली, ते मला तिथे समजलं. त्या पिशवीत आकडे होते, पण ते कशाचे होते हे माझ्याखेरीज कोणाला सांगता आलं नसतं. आणि निम्म्यांचं तर मलाही नाही. अकाउंटंटबाईंनी ती ठेवून घेतली असती, तर एकेक पावती हातात धरून 'ही कशाची?' असं त्या मला विचारत बसल्या असत्या आणि त्या विचारण्याची फी मी भरली असती.

रोज लिहायला मी माझीच एक वही घेतली, शिवलेली आणि सपाट उघडणारी. धंद्यासाठी बँकेत वेगळं खातं काढलं. हे इतकं साधं काम मी सात महिने टाळलं होतं, कारण वेगळं खातं काढलं की धंदा खरा होतो, आणि खरा झाला की तो बुडूही शकतो. संध्याकाळी हाताची खळ धुतली, की दिवा लावून दिवसभराचं लिहायचं. आधी कंटाळा आला, मग सवय झाली, आणि मग काय झालं कोण जाणे, त्या दहा मिनिटांची मी वाट पाहायला लागले. अमुक कागद घेतला, तमुक वही गेली, पोस्टाला इतके लागले. दिवस कसाही गेलेला असो, रकान्यात बसला की तो जरा शांत व्हायचा.

दुसऱ्या महिन्याच्या शेवटी वहीतली शिल्लक आणि बँकेतली शिल्लक यांत ६३ चा फरक आला. बँकेत ६३ कमी होते. रक्कम अगदीच क्षुल्लक, पण ती मला झोपू देईना. तीन रात्री मी एकेक नोंद ताडून पाहिली आणि प्रत्येक वेळी डोळे तिथूनच घसरून पुढे गेले असणार. शेवटी संकोच बाजूला ठेवून बाईंना फोन केला. त्या एवढंच म्हणाल्या, "९ ने भाग जातो का बघा. जात असेल तर कुठेतरी दोन आकड्यांची अदलाबदल झाली असेल." ६३ ला ९ ने भाग जातो, सात वेळा. म्हणजे शेजारशेजारच्या ज्या दोन अंकांची जागा बदलली, त्यांच्यात ७ चा फरक हवा. ० आणि ७. किंवा १ आणि ८. किंवा २ आणि ९. मी पुन्हा वही उघडली, आणि दोऱ्याच्या पावतीवर १८१ होते तिथे माझ्या अक्षरात ११८ लिहिलेलं मला दिसलं. त्या आकड्यावरून मी तीन रात्री गेले होते. मग विचार करत बसले, की हे ९ येतात कुठून. दशकातला अंक एककात आला की त्याची किंमत दहापटीची एकपट होते, म्हणजे त्या अंकाच्या नऊ पटीइतकी घटते. आणि दुसरा अंक तितक्याच पटींनी वाढतो. म्हणून फरक कधीही नऊच्याच पाढ्यात येणार. मला गणिताची इतकी माया पूर्वी कधी वाटली नव्हती. आणि फरकाच्या निम्म्या रकमेची एखादी नोंद सापडली, तर ती जमेच्या जागी नावे किंवा नावेच्या जागी जमा पडली असण्याचा संभव असतो, हेही त्याच फोनवर कळलं.

त्यानंतरचा महिना मी फार खुशीत होते. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा आणि नावे बाजूंची बेरीज, जुळत होती, बँक जुळत होती, पैशापैशाचा पत्ता लागत होता. अकाउंटंटची गरज नाही, असं मी मनाशी जवळजवळ ठरवूनच टाकलं. तिसरा महिना संपला तेव्हा मी त्यांच्याकडे गेले ती त्यांचे आभार मानायला आणि, खोटं कशाला बोलू, वही दाखवायला.

या वेळी त्यांनी वही लगेच उघडली. पान उलटण्याआधी तळहाताने शिवण दाबून पाहिली, ते मला आवडलं. मग तर्जनी रकान्यावरून खाली खाली नेत त्या वाचत राहिल्या. बराच वेळ खोलीत फक्त पानं उलटल्याचा आवाज होता. एका ओळीवर बोट थांबलं. तो माझ्या आजवरच्या सगळ्यांत मोठ्या कामाचा आगाऊ आलेला पैसा होता, चाळीस वह्यांचा. मी तो विक्रीत लिहिला होता. त्या नोंदीमुळे तो महिना माझ्या वहीतला सर्वांत चांगला महिना झाला होता, आणि त्या जोरावर मी कागद कापायचं मोठं यंत्र घेतलं होतं.

"या वह्या दिल्यात?" त्यांनी विचारलं.

"नाही अजून. शिवायच्यात."

"मग हे पैसे कोणाचे?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. ते गिऱ्हाइकाचे होते. वह्या हातात पडेपर्यंत ते माझं देणं होतं, बहिणीच्या पैशांसारखंच. उद्या माझा हात मोडला असता, तर मला ते परत करावे लागले असते, आणि ते तर यंत्र होऊन कोपऱ्यात उभे होते. माझा हिशेब पै न् पै जुळत होता. बेरजा बरोबर होत्या, बँक बरोबर होती, अंकांची अदलाबदल कुठेही नव्हती. तरीही त्या वहीने मला चुकीची गोष्ट सांगितली होती आणि मी ती खरी धरून मोठी खरेदी करून बसले होते. न जुळणारा हिशेब निदान झोपू तरी देत नाही. हा तर जुळून, शहाण्यासारखा, गप्प बसला होता.

मग बाई यंत्राकडे वळल्या. ते मी एका महिन्याच्या खर्चात घातलं होतं, म्हणून तो महिना तोट्याचा दिसत होता. ते यंत्र पुढची कितीतरी वर्षं काम करणार, तर त्याची किंमतही त्या वर्षांवर घसारा म्हणून पसरायला हवी. म्हणजे नफ्याचा महिना इतका नफ्याचा नव्हता आणि तोट्याचा इतका तोट्याचा नव्हता. माझं सगळं सुखदुःख चुकीच्या पानांवर होतं. आणि शेवटी त्यांनी विचारलं, एका वहीला किती तास लागतात, आणि ते तास वहीच्या किमतीत कुठे आहेत? ते कुठेच नव्हते. कागद होता, दोरा होता, पोस्टाचा खर्चही होता. मी नव्हते.

त्या प्रश्नाने मला जो धक्का बसला तो हिशेबाचा नव्हता. वर्षभर मी स्वतःला फुकट धरून चालले होते आणि कोणी विचारेपर्यंत मला ते दिसलंही नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा बाईंनी खिडकीकडे बघत मला सावरायला वेळ दिला.

घरी आल्यावर मात्र मन दुसऱ्या टोकाला गेलं. इतकं दिसतं त्यांना, तर सगळंच त्यांच्या हवाली का करू नये? वही, खातं, पासवर्ड, सगळं. हा मोह मला पिशवी नेली होती तेव्हाही झाला होता, फक्त तेव्हा त्याचं नाव भीती होतं. तेव्हा मला इंग्लंडच्या जोसाया वेजवुडची हकीकत आठवली. चिनी मातीची भांडी करणारा हा कारखानदार धंद्यात चांगला मुरलेला होता. १७७२ साली बाजारात कर्ज-उधारी मिळेनाशी झाली, विक्री आटली, तेव्हा तो स्वतः आपले हिशेब उकलायला बसला. एकेका वस्तूला खरोखर किती खर्च येतो, हे त्याने पहिल्यांदा काढलं. काही खर्च माल कमी निघो वा जास्त, घड्याळासारखे चालतच राहतात, हे त्याच्या ध्यानात आलं; मग तेवढ्याच खर्चात जास्त नग काढण्याकडे त्याने लक्ष वळवलं. आणि त्याच शोधात त्याला त्याच्या मुख्य कारकुनाची अफरातफरही सापडली. इतकी वर्षं हिशेब कोणीतरी लिहीत होतं. मालक तो वाचत नव्हता.

मला या हकीकतीतली अफरातफर घाबरवत नाही, ते न वाचणं घाबरवतं. पैसे हाताळणारा आणि नोंद करणारा एकच माणूस असू नये, हा शहाणपणा जुनाच आहे. पण एकट्या माणसाच्या धंद्यात दुसरा माणूस आणायचा कुठून? तिथे एकच उपाय उरतो, बँकेचा उतारा दर महिन्याला स्वतः वाचायचा. शिवाय, कराचं विवरण कोणीही भरून दिलं तरी त्यातल्या मजकुराची जबाबदारी बहुतेक देशांत मालकाचीच राहते. भीती कोणाला देऊन टाकता येत नाही, त्याचं हेही एक कारण.

तेव्हा मी काय ठरवलं, ते सांगते. दुसऱ्याचं वेगळं निघेल, कारण प्रत्येकाच्या धंद्याची शिवण वेगळ्या जागी उसवते. रोजचं लिहिणं माझं. ते मी कोणाला देणार नाही, कारण दिवसाचा तो शेवट मला हवा असतो. वर्षातून दोनदा वही बाईंपुढे ठेवायची, आणि या दोन वेळांखेरीज जेव्हा धंद्याचा आकार बदलणार असेल तेव्हा, बदलण्याच्या आधी, त्यांच्याकडे जायचं. कर्ज काढताना, भागीदार घेताना, कोणाला पगारावर ठेवताना, जागेचा लांब मुदतीचा करार करताना. आधी, हा शब्द मला इथे फार महत्त्वाचा वाटतो. सही झाल्यावर अकाउंटंट फक्त काय झालं ते सांगू शकतो. माझी चूक पहिल्या भेटीला सात महिने उशीर केला ही होती. अर्ध्या तासाचा सल्ला अगदी सुरुवातीला घेतला असता, तर कोणती खाती उघडायची, कोणते कागद किती वर्षं जपायचे, आगाऊ पैसा कुठे लिहायचा, हे तेव्हाच कळलं असतं. आणि ज्याच्या धंद्यात रोज शंभर बिलं फाटतात, किंवा ज्याला संध्याकाळी वही उघडायची म्हटलं की पोटात गोळा येतो आणि महिनोन्‌महिने ती उघडलीच जात नाही, त्याने लिहायलाही माणूस ठेवावा. त्यात कमीपणा काही नाही. न लिहिलेल्या वहीने काय होतं, ते मी त्या खणांसमोर बसून पाहिलं आहे.

पुढच्या महिन्यापासून एक मुलगी माझ्याकडे शिकायला येणार आहे, पगारावर. मागच्या आठवड्यात त्यासाठी बाईंकडे गेले होते. तिचा पगार कोणत्या खात्यात जाईल, त्यातून काय कापायचं, काय माझ्या बाजूने भरायचं, सगळं त्यांनी कागदावर लिहून दिलं आणि या वेळी फी सांगितली. मी ती दिली. संध्याकाळी रोजकीर्दीत नोंद केली आणि खतावणीत शोधायला गेले, तर या खर्चाला पानच नव्हतं. शेवटच्या फर्म्यात एक कोरं पान शिल्लक होतं. पट्टी घेतली, रकाने आखले, वर 'सल्ला' असं लिहिलं, आणि शाई वाळेपर्यंत वही उघडीच ठेवली.